खळ्याची वजाबाकी

नणंद-भावजयीचं पटत नाही, यात नवल ते काय? पण या दोघींचं जे होतं त्याला ‘पटत नाही’ म्हणणं म्हणजे वणव्याला ऊब म्हणणं. राहायच्या एकाच घरात, नणंद खालच्या मजल्यावर आणि भावजय वरच्या. नोकरी एकाच कंपनीत. आणि बोलणं बंद. कोणीतरी पुढाकार घेतला, हातापाया पडलं की सुटेल असला रुसवा नव्हता तो. चांगलं कडीकुलूप घालून बंद केलेलं होतं.

कंपनीचं काम असं, की उन्हावर वीज करणारे प्रकल्प कुठे उभे करायचे आणि त्यातून किती वीज निघेल, ते आधी सांगायचं. नणंद गावाबाहेरच्या पठारावर, मोजणी केंद्रात. तिथे ती ऊन मोजायची. भावजय कचेरीत, अंदाज विभागाची प्रमुख. नणंदेने मोजलेलं ऊन संगणकात घालून ती वर्षाच्या विजेचा अंदाज बांधायची. एकीचा आकडा दुसरीच्या हातात पडल्याशिवाय काम पुढे सरकायचं नाही, आणि दोघी एकमेकींचं तोंड बघायला तयार नाहीत. ही व्यवस्था ज्या कोणा शहाण्याने लावून दिली त्याला एकदा भर दुपारी त्या पठारावर अनवाणी उभं करायला हवं होतं.

खरं म्हणजे भावजयीला या कंपनीत आणली ती नणंदेनेच. घरातही तिनेच. “माझ्या हाताखाली एक हुशार मुलगी आलीय, बघ तुला आवडते का,” असं धाकट्या भावाला तिनेच सुचवलं होतं. तेव्हा नणंद अंदाज विभागात होती आणि प्रमुखाची खुर्ची तिलाच मिळणार, हे शिपायापासून साहेबापर्यंत सगळे धरून चालले होते. मिळाली भावजयीला. कारण भावजय बोलायला गोड, आणि तोच आकडा चारचौघांत खुलवून सांगण्यात तरबेज. नणंद म्हणजे भर बैठकीत वरिष्ठाला ‘कळत नसेल तर गप्प बसा’ असं सुनावणारी बाई. तिची रवानगी पठारावर झाली. त्या संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर आल्या.

“खाल्ल्या मिठाला जागली नाहीस,” नणंद म्हणाली. “आकडे गोड करून विकतेस तू. दुसरं येतं काय तुला?”

“आणि तुम्हाला काय येतं, ताई? माणसं कडू करणं?”

त्यानंतर सरळ असा एकही शब्द दोघींमध्ये गेला नाही. जे गेलं ते सगळं एका माणसाच्या तोंडून. एकीचा भाऊ, दुसरीचा नवरा. कंपनीत तो समन्वयक होता, म्हणजे इकडच्या फायली तिकडे आणि तिकडची गाऱ्हाणी इकडे. ऑफिसात त्याला सगळे सलोखा म्हणत. माणूस मऊ, हसतमुख, कोणाशी वाकडं नाही. भांडण सुरू झालं की हा आधी खिडकी लावून घेणार. घरातही त्याचं तेच काम होतं. “तुझ्या बायकोला सांग, अक्कल गहाण टाकली नसेल तर पाण्याचा पंप बंद करत जा,” असं खालून निघालेलं वाक्य जिना चढेपर्यंत “ताई म्हणत होती, पंपाचं जरा लक्षात ठेवूया” असं होऊन यायचं. वरून “त्यांना म्हणावं, आधी स्वतःच्या दाराशी झाडू मारा” असं निघालं, तर खाली पोचायचं ते “तिने तुझी चौकशी केली” असं. तो वाटेत शब्द बदलतो हे दोघींनाही ठाऊक होतं. पण तो तिखट तेवढं काढून टाकतो अशी त्यांची समजूत होती. निरोपच वाटेत टाकून देत असेल, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

आता खळ्याचं. हवेत धूळ असली, किंवा आकाशात पातळसा ढग असला, की सूर्याला लागून चहूकडे पांढुरकी झळाळी पसरलेली दिसते. ते सूर्याचंच ऊन, पण धुळीच्या कणांवर आपटून थोडं फाकलेलं. या लोकांच्या बोलण्यात ते खळं. केंद्रातली ऊन मोजायची नळी दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरते, आणि तिचं तोंड जरा मोठं असल्यामुळे सूर्याबरोबर हे खळंही तिच्यात शिरतं. नळी म्हणते, ऊन भरपूर आहे. पण प्रकल्पातले पन्हळीसारखे वळवलेले आरसे भारी चोखंदळ. थेट बिंबातून आलेलं ऊन तेवढं ते समोरच्या पाइपवर नेमकं टाकतात. खळ्याचं ऊन बाजूने निसटून जमिनीवर सांडतं. म्हणून नळीच्या आकड्यातून खळं वजा करावं लागतं. किती वजा करायचं ते सूर्याच्या भोवतालचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यावरून ठरतं, आणि तो कॅमेरा केंद्रात असतो. वजाबाकी राहून गेली तर कागदावर वीज जास्त दिसते. धुळीच्या मुलखात बरीच जास्त.

नणंदेच्या आधी केंद्रात जो गृहस्थ होता तो वजाबाकी करूनच आकडे पाठवायचा. नणंदेने ते बंद केलं. मोजलं ते पाठवायचं, कापाकापी करायची असेल तर खुर्चीवालीने करावी, असं तिचं मत. ते तिने कोणाला सांगितलं मात्र नाही. मागतील तेव्हा बघू म्हणून फोटो जपून ठेवले आणि गप्प बसली. आकडे आले तेव्हा भावजयीला शंका आली. फोन उचलून विचारलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण फोन उचलायचा म्हणजे आपण होऊन बोलायचं, आणि आपण होऊन बोलायचं म्हणजे नाक खाली करायचं. तिने नवऱ्याला सांगितलं, “ताईंना विचार, यातून खळं काढलंय का नाही.”

दुसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, “काढलंय म्हणाली.”

झालं. अंदाज गेला, प्रकल्प उभा राहिला, आरसे फिरायला लागले. स्वच्छ हवेच्या दिवसांत सगळं ठीक वाटलं. वारा सुटला, धूळ उठली, आणि वीज अशी कोसळली की प्रकल्पवाल्यांनी कंपनीच्या दाराशी येऊन आरडाओरडा केला. कंपनीचा मोठा साहेब टेबलावर मूठ आपटल्याशिवाय बोलत नसे, म्हणून त्याला माघारी हातोडा म्हणत. हातोड्याने दोन्ही विभागांना बोलावणं धाडलं. बोलावण्यातच लिहिलं होतं, की ज्याच्या हातून खळं राहिलं त्याने घरी जायचं.

भावजय त्या सकाळी चक्क गुणगुणत तयार झाली. तिला भीती कसली? तिने विचारलं होतं, तिला ‘काढलंय’ असं उत्तर मिळालं होतं. आता ती थेरडी पठारावरून उतरेल, सगळ्यांदेखत तोंडघशी पडेल आणि पुन्हा म्हणून आकडे गोड करण्याची भाषा करणार नाही. इतकी वर्षं जिन्यात ओलांडून जाताना तिच्या पाठीवर जी नजर रुतत होती, तिचा आज हिशेब होणार होता. केसांना क्लिप लावताना भावजय आरशात स्वतःशीच हसली.

बैठकीच्या खोलीत काचेचं लांब टेबल होतं आणि एसीमुळे बोटं गार पडत होती. नणंद पठारावरून तशीच आली होती. कपाळ करपलेलं, टोपीच्या कडेखाली कातडीचा वेगळाच रंग, बुटांवर माती. ती कोणाला न विचारता खुर्ची ओढून बसली. सलोखा दोघींच्या मधल्या खुर्चीत बसला आणि त्याने दोघींच्या पुढ्यात पाण्याचे पेले सरकवले.

“खळं वजा झालं नाही,” हातोड्याने मूठ आपटली. “का?”

“मला झालंय असं सांगण्यात आलं,” भावजय म्हणाली. आवाज तिने मुद्दाम नरम ठेवला होता.

“कोणी सांगितलं?”

“केंद्राकडून.”

“केंद्र म्हणजे मी,” नणंद म्हणाली. “मी असलं काही सांगितलेलं नाही. मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर नाही म्हणून सांगितलं असतं, आणि फोटो मागितले असते तर तेही दिले असते. माझ्याकडे एकूण एक दिवसाचे आहेत.”

भावजयीच्या तोंडचं पाणी पळालं. कारण हे खरं होतं. ते तिला ऐकताक्षणी कळलं. या बाईत हजार खोडी होत्या, पण ती खोटं बोलत नसे. खोटं बोलायला समोरच्याला काय वाटेल याची थोडी तरी फिकीर लागते, आणि ती हिने जन्मात कोणाची केली नव्हती. विचारलं असतं तर ही मोठ्या आनंदाने ‘नाही काढलं, तिला काढायला काय धाड भरलीय’ म्हणाली असती. तेच वाक्य ‘काढलंय’ होऊन वर येणं शक्य नव्हतं. सलोखा कितीही पातळ करो, ‘नाही’चं ‘हो’ करणं त्यालाही जमलं नसतं. म्हणजे त्याने विचारलंच नव्हतं.

हातोडा आता त्याच्याकडे वळला होता. “निरोप तू नेलास ना? विचारलं होतंस?”

सलोख्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. बायकोच्या तोंडावर त्याची नजर जरा जास्त थांबली. मग तो मवाळ आवाजात म्हणाला, “विचारलं होतं, साहेब. ताई तेव्हा घाईत होती. तिने हो म्हटलं, पण आता तिच्या लक्षात नसेल.”

नणंदेने भावाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती भावजयीकडे बघत होती, सरळ, पापणी न हलवता. भावजयीने पेला उचलला, पाणी प्यायली आणि पेला खाली ठेवला. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं, की मीही हे नीट तपासलं नाही, घरच्या माणसाच्या तोंडी शब्दावर भरवसा ठेवला. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही असेल. पण त्या वाक्याची किंमत म्हणजे खुर्ची, आणि ती जाताना बघणार कोण, तर ही! नाही. मुळीच नाही. भावजय गप्प बसली.

हातोड्याची मूठ पडली. केंद्र नणंदेकडून काढून घेण्यात आलं. किल्ल्या तिथेच टेबलावर टाकून ती उठली, आणि दारातून जाताना तिचा धक्का लागून एक खुर्ची भिंतीवर आपटली. ती उचलायला सलोखा धावला.

भावजयीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगला झाला. दोन-तीन दिवस ती अशा तोऱ्यात चालत होती की शिपायानेही विचारलं, मॅडम, काही विशेष? घरी खालच्या मजल्यावर मात्र दार बंद असायचं आणि आत कोणी वावरतंय की नाही तेही कळायचं नाही. नवऱ्याला तिने काही विचारलं नाही. उत्तर माहीत होतं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकलं की मग आपणही काहीतरी करणं भाग पडेल, हेही माहीत होतं. तो मजेत होता. जिन्यातून वरखाली करायचे त्याचे कष्ट वाचले होते.

हातोड्याला नवा माणूस शोधायचा कंटाळा. समन्वयकाला सगळं माहीतच आहे, असं म्हणून त्याने केंद्र सलोख्याच्या गळ्यात घातलं. सलोख्याने ते हसतहसत घालून घेतलं. आता आकडे नवऱ्याकडून येणार होते, खळ्यासकट, वजाबाकीसकट. भावजयीने आपलं खळ्याचं गणितही नव्याने मांडलं. हवेतल्या धुळीवरून खळं किती असेल ते त्या गणितातून काढायचं आणि केंद्राच्या मोजणीशी ताडून बघायचं. असं जर जुळलं, तर जिथे कॅमेरा नाही तिथलाही अंदाज बिनधास्त बांधता येणार होता.

आणि ते जुळलं. असं जुळलं की हातोड्याने बैठकीत पहिल्यांदा मूठ न आपटता टाळी वाजवली. “या कंपनीत मोजणी आणि अंदाज कधी एका सुरात बोलले नव्हते! ती बाई गेली आणि बघा.” त्याच जोरावर त्याने दुसऱ्या पठारावरचा आणखी मोठा प्रकल्प पक्का करायचं ठरवलं. फक्त अंदाजावर भावजयीची सही हवी होती. अंदाज विभागाच्या प्रमुखाची.

सहीच्या आधी तिने सगळं एकदा नजरेखालून घातलं. जुळणीचं कौतुक कानाला गोड लागलं तरी अंगी मुरलेली सवय काही जात नाही. तेव्हा तिला स्वतःची एक चूक सापडली. चूक क्षुल्लक होती. एका दिवशी मोठी वावटळ झाली होती, त्या दिवशीची धूळ तिच्या हातून दुसऱ्या दिवसाला लागली होती. दुसरा दिवस तर काच पुसून ठेवल्यासारखा लख्ख होता, तिला चांगला आठवत होता, त्या दिवशी तिने गच्चीवर गाद्या वाळत घातल्या होत्या. तिच्या गणिताने मात्र त्या दिवशी सूर्याभोवती भलंथोरलं खळं काढून ठेवलं होतं. ती स्वतःवर चरफडली. आता मोजणीत तो दिवस साफ वेगळा दिसणार, म्हणून तिने केंद्राचे आकडे उघडले.

केंद्राच्या आकड्यांतही त्या दिवशी भलंथोरलं खळं होतं.

तिने डोळे चोळले. आदला दिवस पाहिला. वावटळीच्या दिवशी, जेव्हा समोरचं माणूस दिसत नव्हतं, केंद्र म्हणत होतं की खळं जेमतेम. गणित चुकवलं तिने. ती चूक उन्हाला कशी कळली? कॅमेरा काही तिच्या संगणकात डोकावून फोटो काढत नव्हता.

ती तशीच गाडी काढून पठारावर गेली. वर वारा नव्हता, ऊन चटके देत होतं. नळी बिचारी इमानाने सूर्याकडे तोंड करून उभी होती, पण काचेवर मातीचा थर बसला होता. शेजारी कॅमेरा. त्याच्या तोंडावर टोपण घट्ट बसवलेलं, आणि टोपणाच्या खाचेत कोळ्याने निवांत घर केलेलं. तिने टोपण ओढून काढलं आणि हातात घेऊन केंद्राच्या खोलीत गेली. सलोखा पंख्याखाली खुर्चीत रेलून मोबाइलवर काहीतरी बघत होता. तिला पाहून तो खरोखरच खूश झाला.

“अगं, कळवायचंस तरी! ये, बस.”

“हे काय आहे?”

“टोपण. काचेवर धूळ बसते गं. खराब झाला तर ओरडा कोणी खायचा?”

“मग खळ्याचे आकडे कुठून आले?”

“तुझेच घेतले,” तो म्हणाला. अगदी सहज, मीठ शेजारणीकडून आणलं म्हणावं तसं. “जरा इकडेतिकडे केले, अगदीच सारखे दिसू नयेत म्हणून. तुझं गणित बरोबरच असतं ना? मग उगाच मोजून दोघांच्या डोक्याला ताप कशाला? बघ ना, साहेब किती खूश झाला.”

तिला हसावं की त्याचं डोकं फोडावं कळेना. तिने मांडलेलं गणित तिच्याच गणिताशी ताडून पाहिलं होतं, आणि सगळी कंपनी टाळ्या पिटत होती. त्यावर दुसरं पठार आरशांनी भरणार होतं.

“ताईंना विचारलं होतंस का?”

“आता ते कशाला उकरतेस?”

“विचारलं होतंस?”

“कसा विचारणार?” तो पहिल्यांदाच चिडला. “त्याच सकाळी तिने तुझ्यावरून माझं डोकं खाल्लं होतं. विचारलं असतं तर ती वाट्टेल ते बोलली असती. ते मी तुला सांगायचं. मग तू भांडी आपटणार. तुम्हा दोघींच्या मध्ये माझं जे भरीत होतंय ते बघायला कोणाला वेळ आहे? एक दिवस जेवण सुखाने होऊ दे म्हटलं.”

“आणि साहेबासमोर? सख्ख्या बहिणीला खोटं पाडलंस.”

“तुझी खुर्ची वाचवली मी! आणि तू गप्प बसलीस की. मी काही तुझं तोंड दाबून धरलं नव्हतं.”

ती त्याला मारणारच होती. हात वर झालाही होता. पण शेवटचं वाक्य खरं होतं, आणि या माणसाच्या तोंडून खरं ऐकायची तिला सवय नव्हती. तिने टोपण त्याच्या टेबलावर आपटलं आणि निघाली. मागून तो म्हणत होता, ‘अगं ऐक, सही करून टाक, पुढचं पुढे बघू.’

घरी आल्यावर ती वर गेलीच नाही. खालच्या दारावर तिने थाप मारली. दार अर्धं उघडलं. आत खोकी रचलेली होती, भिंतीवरचं कपाट रिकामं होतं. नणंद घर सोडून चालली होती.

“मजला चुकलीस,” नणंद म्हणाली.

“बोलायचंय, ताई.”

“का? निरोप्या आजारी पडला?”

भावजयीने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. टोपण, कोळ्याचं घर, वावटळीचा दिवस. नणंद दारावरचा हात न काढता ऐकत होती. चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवली हे ऐकल्यावर तिच्या नाकातून हसू फुटलं, पण ते प्रेमाचं नव्हतं. “उतरवताना डोकं वापरलं असतं तर तो माझा भाऊ शोभला असता,” ती म्हणाली.

“परत या. केंद्र त्याच्या हातात ठेवण्यासारखं नाही.”

“माझी कीव आली वाटतं?”

“कीव कसली? मला तुम्ही आजही डोळ्यांसमोर नको आहात. पण तुम्ही मोजलेलं खरं असतं.”

“बरं झालं, लोणी लावायला आली नाहीस.” नणंदेने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मला एक सांग. मी तिथे म्हणाले, मला कोणी विचारलं नाही. मी खरं बोलतेय हे तुला कळलं होतं?”

इथे नाही म्हणणं अगदी सोपं होतं. जिन्यात तिसरं कोणी नव्हतं. ‘नंतर लक्षात आलं’ एवढंच म्हणायचं, आणि निम्मा दोष नवऱ्याच्या पदरात. भावजयीने भिंतीकडे पाहिलं.

“कळलं होतं.”

“केव्हा?”

“तुम्ही बोललात तेव्हाच.”

नणंदेने दारावरचा हात काढला. मग तिचा आवाज खाली आला, आणि तो ओरडण्याहून वाईट लागला. “तो लहानपणापासून असाच आहे. जो जवळ उभा असेल त्याचा. त्याच्यावर मी रागावतसुद्धा नाही, खुर्चीवर कोणी रागावतं का? पण तू मूर्ख नाहीस. तुला मी शिकवलंय. तुला माहीत होतं आणि तू पाणी प्यायलीस.”

“ताई...”

“हे मला जिन्यात सांगून काय उपयोग? जिथे गप्प बसलीस तिथे जाऊन बोल.”

“माझी खुर्ची जाईल.”

“माझी गेली,” नणंद म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सहीचा कागद टेबलावर तयार होता. दुसऱ्या पठाराच्या प्रकल्पाचे लोकही आले होते. सलोख्याने सगळ्यांच्या पुढ्यात पाण्याचे पेले मांडले होते आणि बायकोकडे बघून तो हसला. आदल्या दिवशीचं त्याच्या लेखी संपलेलं होतं. हातोड्याने पेन पुढे केलं. भावजयीने ते घेतलं नाही.

“ही जुळणी खोटी आहे,” ती म्हणाली. “केंद्राने खळं मोजलेलंच नाही. माझेच आकडे मला परत पाठवले, माझ्या चुकीसकट. आणि आधीच्या प्रकल्पातही दोष ताईंचा नव्हता. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. घरी मिळालेल्या एका तोंडी शब्दावर मी एवढा अंदाज बांधला. त्या दिवशी त्या खरं बोलतायत हे मला इथे बसल्या बसल्या कळलं होतं, आणि मी बोलले नाही.”

बोलताना तिला अगदी पवित्र वगैरे वाटलं नाही. संताप आला. नवऱ्याचा, नणंदेचा, स्वतःचा, आणि ती खालची बाई हे ऐकायला इथे नाही याचाही. पाहुण्यांपैकी एकाने कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

“तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना?” हातोड्याची मूठ वर गेली होती ती तशीच राहिली. “खुर्ची सोडावी लागेल.”

“कळतंय. सोडते.”

“पण त्या दिवशी हा तर म्हणाला...” हातोडा गरकन सलोख्याकडे वळला. “बोल रे. बहिणीला विचारलं होतंस की नव्हतं?”

सलोख्याने तोंड उघडलं. त्याने साहेबाकडे पाहिलं, पण साहेबाला कुठलं उत्तर हवंय ते त्याच्या तोंडावर दिसेना. पाहुण्यांकडे पाहिलं, त्यांना तो ओळखत नव्हता. मग त्याने नेहमीसारखं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती; टेबलावरचे आपले कागद गोळा करत होती. तो उघड्या तोंडाने तसाच बसून राहिला, आणि हातोड्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला.